रेडिएटरमधली हळद

आबांची मोटार म्हणजे माझी सवत आहे, असं आई चारचौघांत सांगायची. पाचोऱ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी मोडीत काढलेली ती इंग्रजी, काळी, डबडा गाडी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, वाजतगाजत जळगावात, मेहरूणला आणली होती. मी तेव्हा शाळेत शिकवायचे. माझ्या मैत्रिणी एसटीने वेळेवर पोचायच्या आणि आम्ही मोटारवाले रस्त्याच्या कडेला वाफ बघत बसायचो. काय तो थाट!

साठचं दशक सरत आलं होतं. आईची थोरली बहीण साक्रीजवळच्या खेड्यात अंथरुणाला खिळली होती. एक दिवस निरोप आला, आता काही खरं नाही, भेटून जा. आईला हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी एसटीचे धक्के बंद केलेले. "मग मोटार कशाला आहे?" आबा म्हणाले आणि आम्ही तिघं निघालो. धुळं मागे पडलं न पडलं तोच रेडिएटर उकळला. पाणी ओतलं, थोडं पुढे गेलो, पुन्हा उकळला. शेवटी गाडीचं तोंड फिरवलं आणि थांबत थांबत घरी आलो.

बहिणीसाठी घेतलेलं लुगडं पिशवीतून काढून आईने कपाटात ठेवलं, बस्स. त्यापेक्षा तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली की आबा अर्धे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी रेडिएटर उतरवून अंगणात आडवा घातला. वरून पाणी सोडलं तर खालून थेंब येईना. तार घालून खरवडल्यावर पिवळाधमक चिखल भदाभदा बाहेर पडला. आई वाकून बघायला लागली.

"अहो, ही तर हळद आहे!"

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रेडिएटर गळायला लागला की पाण्यात चिमूटभर हळद टाकायची, ती जाऊन भोकात बसते आणि गळती थांबते, हा आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा हुकमी उपाय. पण आबांचा हात पहिल्यापासून सढळ. चिमटीच्या जागी मूठ, आणि तीही वर्षानुवर्षं. गळती थांबली, तसं पाणी फिरायचंही थांबलं.

"म्हणजे डब्यातली हळद तुम्ही लांबवत होतात? आणि मी या पोरीला बोलायचे, की भाजीत हळद ओततेस म्हणून!"

"मला तरी सांगायचं होतंत, आबा!" मी कडाडले. फुकटची बोलणी खाल्ली होती मी. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मीही मग फार ताणलं नाही.

आबा तेजाब आणायला निघाले तर आईने अडवलं. "तेजाबाने पत्राच खाल्ला जाईल. तांब्यापितळेचंच आहे ना? मग चिंच आणा." तिला कष्ट वर्ज्य, त्यामुळे ती पाटावर बसून हुकूम सोडणार आणि राबणार मी. चिंचेचं कढत पाणी आत ओतायचं, मुरू द्यायचं, ओतून टाकायचं, पुन्हा नवं. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा दोघांनी डोक्याला डोकं लावून आत डोकावून बघितलं. आबांच्या कपाळावरचा चिखल आईने पदराने पुसला. माझ्यादेखत असं ती कधी करत नसे. मला फार बरं वाटलं. हळद गेल्यावर जुनी भोकं उघडी पडली होती, ती आबांनी बाजारातून कथलाचा डाग देऊन बुजवून आणली.

पुन्हा निघालो. आईचा जीव बहिणीपाशी आणि आबांचा रेडिएटरपाशी. दर ओढ्याला उतरून ते हात लावून बघायचे. "चला हो, ती गेल्यावर मला पोचवणार आहात का?" आई करवादली. साक्री आली, पुढचा कच्चा रस्ताही सरला, गाडी उकळली नाही.

मावशी खाटेवर पडून होती, ओळखू न येण्याइतकी वाळलेली. तिने आईचा आवाज ऐकला आणि डोळे उघडले.

"उनी का वं माय? बठ, आठे बठ."

आई तिथेच खाटेवर बसली ती उठलीच नाही. उन्हं कलली तशी मी म्हटलं, "आई, निघायला हवं." ती आबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी हिच्याजवळ राहते, शेवटपर्यंत." तिची स्वतःची तब्येत अशी, गावात डॉक्टर नाही. आबा तिला ओढून नेतील असं मला वाटलं होतं. "राहा," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर आबा अंगणात लावलेल्या गाडीतच बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तर कप हातात धरून म्हणाले, "पोचवलं गं तिला वेळेवर." आणि रडायलाच लागले. मी आईच्या जागेवर त्यांच्या शेजारी बसले आणि चहा सांडू नये म्हणून कप धरून ठेवला.