लाल दिव्याखालचे भांडण

फोटो पक्का करणाऱ्या औषधाला हायपो म्हणतात. आमच्या फोटोवाल्याच्या शर्टाला, हातांना, अगदी उशीलासुद्धा त्याचाच वास येई, म्हणून गल्लीने त्याचे नावच हायपो ठेवले. माणूस तुसडा, राग नाकाच्या शेंड्यावर. मी शेजारी फ्रेमा बनवतो. मला लिहिता येते असे नाही, पण त्याच्याबद्दल लोक फार तिखटमीठ लावून बोलतात, म्हणून लिहितो.

धाकटा भाऊ त्याच्याच दुकानात डिजिटल कॅमेरा घेऊन बसला आणि दोघांचे वाजू लागले.

"दादा, तुझा फोटो पाण्यातून वर येईपर्यंत गिऱ्हाइकाचे केस पांढरे होतात."

"आणि तुझ्या गिऱ्हाइकाला तोंड कुठे असतं? पुसून पुसून नुसती अंडी केलीस."

पुढे हातघाई ठरलेली. हायपोने त्याला कॅमेऱ्याच्या स्टँडने झोडपले होते, त्याने हायपोचा दात पाडला होता. रात्री मात्र दोघे शेजारी बसून जेवत.

मग धाकट्याने हायपोची लाल दिव्यात फोटो छापायची अंधारखोली पाडून तिथे संगणक मांडायचे ठरवले. गवंड्यालाही सांगून टाकले. त्या दुपारी मी प्रदर्शनाचा एक फोटो न्यायला बाहेरच्या खोलीत थांबलो होतो. हायपो तोच फोटो आत छापत होता. धाकटा त्याच्यामागोमाग शिरला आणि आतून कडी लागली.

"उद्या भिंत पडणार, दादा."

"त्याआधी तू पडशील."

बाटल्यांची फळी कोसळल्याचा आवाज आला. आतले पुढचे मला हायपोनेच सांगितले. धाकट्याने पांढऱ्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला. कागदाचे खोके उघडे होते, दिवा लागता तर सगळा कागद काळा पडला असता. हायपोने तो हात पिरगळला. धाकट्याने त्याच्या नाकावर डोके हाणले. हायपोच्या हाताला कागद दाबायची जाड काच लागली, ती त्याने सरळ भावाच्या तोंडावर घातली. काच फुटली. धाकटा भिंतीशी बसला.

लाल दिव्यात रक्त लाल दिसत नाही, पाण्यासारखे फिके दिसते. औषधांच्या दर्पात वासही कळला नाही. भावाचा सदरा भिजलेला पाहून हायपोला वाटले, ट्रे सांडला.

"दादा, दिवा लाव."

"त्यासाठीच तर आलास. नाटकं पुरे."

आणि तो वळून ट्रेमधला कागद हलवत राहिला.

बाहेर वहिनी, म्हणजे हायपोची बायको, दार बडवत होत्या. "अहो, भावजींचा आवाज का येत नाही?"

"कागद औषधात आहे. थांब जरा."

वहिनींनी स्टूल उचलून दारावर घातले. दुसऱ्या घावाला कडी तुटली, उजेड आत गेला. धाकटा गळ्यापासून कमरेपर्यंत लाल झाला होता. भुवईखाली डोळा फाटला होता. हायपोने आधी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. भावाला खांद्यावर टाकून तो काचांवरून अनवाणीच पळत सुटला. रस्त्यावर दोघांचे रक्त पडत गेले.

जीव वाचला, डोळा गेला. पोलिसांना धाकट्याने शिडीवरून पडल्याचे सांगितले. "फोटो काढताना एक डोळा मिटावाच लागतो, तेवढा त्रास वाचला," असे तो घरी म्हणाला. कुणी हसले नाही.

भिंत त्याने पाडली नाही. हायपोकडे अजून हौशी लोक फोटो छापायला शिकायला येतात, पण टिकत नाहीत. आत कुणी खोकले, धडपडले, नुसते गप्प राहिले तरी तो पांढरा दिवा लावतो. परवा बँकेतले एक गृहस्थ चिडले. "अहो, माझं अख्खं खोकं काळं केलंत."

हायपोने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"कुठे लागलं नाही ना?"