काट्यांना हात लावायचं घड्याळ

“मॅडम, याची काच निघालेली हाय. ॲप डॅमेज दाखवतंय. न्हाय घेता येनार.”

“निघालेली नाही हो, उघडते ती! उघडायचीच असते!”

घड्याळाचं रिटर्न घ्यायला आलेला माणूस रिसेप्शनपाशी उभा होता आणि मी त्याच्यापुढे तावातावाने हातवारे करत होते. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. ॲपमध्ये प्रश्न एकच: काच शाबूत आहे का? हो किंवा नाही. तो निघून गेला आणि घड्याळ माझ्याच हातात राहिलं.

मी काशीदला एका रिसॉर्टच्या स्पामध्ये मसाज थेरपिस्ट आहे. मला दिसत नाही, जन्मापासूनच. कामात त्याने काही अडत नाही, कुठला स्नायू आखडलाय ते बोटांना कळतं. अडतं ते फक्त वेळेपाशी. स्पामध्ये मोबाइल न्यायला बंदी. बोलणारं घड्याळ मिळतं, पण गेस्टला जरा डुलकी लागली की माझ्या मनगटातून बाई ओरडणार, ‘तीन वाजून वीस मिनिटं!’ म्हणून मी स्पर्शाचं घड्याळ वापरते. कडेची कळ दाबली की काच झाकणासारखी वर येते. आत आकड्यांच्या जागी उंच ठिपके असतात. काटे बोटाने चाचपायचे, की वेळ कळली. आता बोट लागणारच, म्हणून हे काटे मुद्दाम घट्ट बसवतात. सगळी गंमत त्या घट्टपणात असते.

माझं जुनं घड्याळ तेलाने आणि खाऱ्या हवेने गेलं. सीझन सुरू होता, अशी घड्याळं मिळतात त्या मुंबईच्या दुकानात जायला सुट्टी मिळेना. ऑनलाइन शोधलं. ‘दृष्टिहीनांसाठी खास’ असं फोनने वाचून दाखवलं. मागवलं.

आलं तेव्हा मी खूश. काच उघडली, ठिपके जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा तासाभराचा मसाज होता. मधूनमधून मी काटे चाचपत होते आणि दर वेळी वेळ भरपूर शिल्लक! म्हटलं, वा, आज हात काय झपाझप चालतोय. तेवढ्यात दारावर थाप. आमची रिसेप्शनिस्ट रेश्मा.

“अगं सुनंदा, आटप की! पुढचे गेस्ट केव्हाचे ताटकळलेत!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काटे साध्या घड्याळाचे होते. मी बोट लावलं की मिनिटकाटा मागे सरकत होता. पुढचे गेस्ट तोंडाला येईल ते बोलून निघून गेले.

मॅनेजर नाईक सरांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण बोलायला रोखठोक.

“सुनंदा, तुझं प्रोबेशन या महिन्यात संपतंय. कायम करायचं पत्र मालकांकडे पाठवायचं, तर असं?”

“सर, घड्याळच फसवं निघालं.”

“मग ते आधी बदल. तोवर फक्त फूट मसाज. वेळ पाळता आली तर पत्र पाठवतो.”

फूट मसाज म्हणजे बाहेर खुर्ची मांडून समुद्रावरून आलेल्यांचे वाळूचे पाय चोळायचे. वेळ झाली की रेश्मा हाक मारणार. रीतसर कोर्स करून आले होते मी. असा जीव जळला!

त्याच दिवशी रिटर्न टाकलं, आणि ते कसं फसलं ते वर सांगितलंच. मग कस्टमर केअरला फोन लावला. आधी मशीन, मग गाणं, मग परत मशीन, आणि शेवटी एक माणूस.

“मॅडम, तुम्ही काट्यांना हात लावला होता का?”

“लावला ना! त्याशिवाय वेळ कशी बघणार?”

“मग वॉरंटी लागू होत नाही, मॅडम. काट्यांना हात लावणं युजर डॅमेजमध्ये येतं.”

“अहो, ते हात लावायचंच घड्याळ आहे! तुमच्याच पानावर लिहिलंय. मला दिसत नाही.”

“मी समजू शकतो, मॅडम. उजेडात एक स्पष्ट फोटो काढून पाठवाल का?”

माझं डोकंच सटकलं. रेश्माने फोटो काढून पाठवला. उत्तर आलं: डायलवर बोटांचे ठसे आहेत, वस्तू वापरलेली आहे, रिटर्न नामंजूर. बोटांचे ठसे! चष्म्याला म्हणावं, तुझ्यातून कोणीतरी बघितलंय, परत घेणार नाही!

मग मी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार ठोकली. तेव्हा कुठे कंपनी ‘स्पेशल केस’ म्हणून दुसरं घड्याळ द्यायला कबूल झाली. मी नाईक सरांना सांगितलं, “सर, सोमवारी येतंय. मला एक पूर्ण मसाज द्या, वेळेत करून दाखवते.” त्यांनी दिला.

सोमवारी सकाळी पार्सल आलं. कळ चाचपली, तर कळच नाही. काच उघडेना. नखाने खरवडलं, हलेना. नाईक सर शेजारीच उभे होते. मी स्पीकर ऑन करून फोन लावला.

“हो मॅडम,” पलीकडचा आवाज खुशीत होता, “तुमची तक्रार होती ना, काटे सरकतात म्हणून? या मॉडेलमध्ये काच फिक्स आहे. आता काट्यांना हात लागणारच नाही.”

“मग मी वेळ कशी बघू?”

जरा वेळ नुसती कीबोर्डची टकटक.

“काटे रेडियमचे आहेत, मॅडम. अंधारातही स्पष्ट दिसतील.”

नाईक सरांनी एक सणसणीत शिवी हासडली. त्यांच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदाच ऐकली. पण गेस्ट येऊन बसले होते. तो मसाज दुसऱ्या मुलीला गेला.

पुढे माझ्या अंधशाळेतल्या मैत्रिणीने मुंबईच्या दुकानात काटे स्वतः ढकलून बघितले, हलले नाहीत तेव्हाच घड्याळ घेतलं आणि पाठवून दिलं. ते उत्तम चालतंय. बोटांनी वापरायची वस्तू बोट लावल्याशिवाय घेऊ नये, एवढं शिकले. कंपनीचा मेसेज आला, ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.’ त्याच आठवड्यात मालकांचं पत्र आलं. रेश्माने वाचून दाखवलं. वेळेच्या कारणावरून माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं होतं.