साडीवरची उलटी ज्योत

ताईच्या लग्नाला बाबा येऊ शकणार नव्हते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी हलायला मनाई केलेली, आणि लग्न नवरदेवाकडे, सौंदडच्या विहारात. आमचं घर अर्जुनी मोरगावला. "माह्या वाट्याचं लग्न तू घेऊन ये," बाबा मला म्हणाले. मी मुंबईत सिनेमांवर कॅमेऱ्याचं काम करते, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. एरवी मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. या वेळी मात्र स्वतःच्याच बापाला घाबरले होते.

सकाळीच विहारात जाऊन कॅमेरा लावला. आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या पेटवल्या. ताईला समोर बसवून बघते तर काय, तिच्या पांढऱ्या साडीवर, ऐन छातीशी, हिरवट ज्योती उलट्या लटकलेल्या. माझं डोकंच फिरलं. लेन्सपुढे मी उजेड दाबणारी गडद काच लावली होती. मेणबत्तीचा उजेड लेन्समध्ये शिरतो, थोडा परत फिरतो, त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि चित्रात असं भूत उभं करतो. काच काढून पाहिली, तर उन्हाच्या उजेडात साडी आणि चुन्याची भिंत एकच होऊन बसली. लेन्सचं छिद्र बारीक केलं, तर मागचा धूसरपणा गेला आणि भिंतीवरच्या वायरी नि स्विचबोर्ड लख्ख दिसायला लागले.

"मेणबत्त्या नंतर लावल्या तर?" मी आईला विचारलं.

"कायले? लग्न त्यांच्यापुढं लागते, तुह्या कॅमेऱ्यापुढं नाही."

विषय संपला. कोपऱ्यातल्या खराट्याच्या काड्या मोडल्या, काचेच्या वरच्या कडेमागे अडकवल्या आणि काळी टेप मारली. काच किंचित पुढे झुकली, तशा त्या ज्योती साडीवरून सरकत सरकत चित्राबाहेर गेल्या. हुश्श करते न करते तोच खिडकीचं ऊन त्या फटीतून काचेच्या पाठीवर पडलं आणि सगळं चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं पांचट झालं.

आईने पिशवीतून काळी छत्री काढली. "ऊन कुठून येऊन राहिलं, तेवढं सांग."

मग लग्न लागेपर्यंत नवरीची आई, नवी साडी नेसून, भर विहारात छत्री उघडून माझ्या खांद्याशी उभी. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काऊन वो, आत पाणी येऊन राहिलं का?" नवरदेवाच्या आत्याने विचारलं. "पोरीच्या काचेले ऊन लागून राहिलं," आई म्हणाली आणि छत्री आणखी थोडी तिरपी केली. तशी धरल्यावर तिला स्वतःला ताई दिसत नव्हती. ते माझ्या लक्षात आलं. आजवर कितीतरी मोठ्या सेटवर काम केलं, पण माझ्या चित्रासाठी कुणी एवढं सोडलेलं मला आठवत नाही. त्या हाताचे उपकार मी फेडूच शकत नाही, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

ताई माहेरी आली त्या दुपारी बाबांच्या खाटेसमोरच्या टीव्हीवर मी लग्न लावलं. आई मुद्दाम अगदी पुढे बसली. मेणबत्त्या जिथे हव्यात तिथेच जळत होत्या, ताईची साडी स्वच्छ होती. मंगल गाथा संपत आली, नवरा-नवरीवर फुलं उधळायची वेळ झाली, तसे बाबा कोपरावर उठायला धडपडू लागले.

"फुलं कुठी आहेत?"

आई अंगणात पळाली. झेंडू तोडून, चुरून तिने त्यांच्या ओंजळीत घातला. ताई त्यांच्या शेजारीच बसली होती, तरी बाबांनी पाकळ्या उधळल्या त्या टीव्हीतल्या ताईवर. पण पडद्यावर तोवर पाहुणे जेवायला उठले होते.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी आईपुढे पुन्हा ओंजळ धरली.

"परत लाव," ते मला म्हणाले. "माही फुलं उशिरा पडली."