दोन विहिणी आणि माझं पोट

माझी आई वाकडी बसायची. पाटावर असो, सतरंजीवर असो की लग्नाच्या मांडवात, डावी बाजू जमिनीला टेकलेली, उजवी उचललेली आणि एक हात मागे रोवलेला. पांढुर्ण्यात आम्ही भावंडं आईला बाई म्हणायचो, आणि बाईच्या बसण्याचं आम्हाला काही वाटत नसे. कोणाची चाल वाकडी असते, कोणाचं तोंड वाकडं असतं, आमच्या बाईचं बसणं वाकडं होतं. गल्लीतल्या बाया म्हणत, संत्र्याच्या आडत्याची बायको आहे, तोऱ्यात बसणारच.

माझ्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, या बसण्यानं घोळ केला. नरखेडहून पाहुणे आले होते. माझ्या होणाऱ्या सासूबाई समोर बसल्या आणि बाई त्यांच्याकडे अर्धी पाठ करून, एका कुल्ल्यावर. सासूबाईंनी ते मनात धरलं. पंगतीत आपल्या बहिणीला, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, त्या म्हणाल्या, "ईनबाईले लय तोरा हाय. धड समोर पाहून बसत नाही."

बाईसुद्धा काही कमी नव्हती. त्याच दुपारी ती पानसुपारी पुढे करत असताना सासूबाई मध्येच ताडकन उठल्या, भिंतीकडे तोंड केलं, खुंटी धरली, पायाला पाय आवळले आणि मग शिंकल्या. पाहुणे गेल्यावर बाई म्हणाली, "मी तबक घेऊन उभी, अन् हे बाई भिंतीकडे तोंड करते. शिंकेचं तं निमित्त हाय." लग्न लागलं, अक्षता पडल्या, पण या दोघींचं सूत काही जमलं नाही. मी मधल्या मध्ये, दोन्हीकडून बोलणी खायला.

पुढच्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, आणि त्याच दिवाळीत सरकारनं राज्यांची नवी वाटणी केली. नागपूर आणि नरखेड मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशात राहिले आणि आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. भोपाळ आमच्या घरात कोणी पाहिलंही नव्हतं. माझं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, मध्ये गाडीचं एवढंसं अंतर. बाबांनी हे फार मनाला लावून घेतलं. ते पेपर घेऊन ओसरीत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "आता आपन कोन, सांगा बरं?" संत्र्यांचा भाव विचारायला आलेला माणूस याला काय उत्तर देणार.

मला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. त्याच्या पुढचं मात्र काही सुखरूप झालं नाही.

बाळंतिणीनं पाणी प्यायचं नाही, असा नियम. पाणी प्यायलं की पोट सुटतं, वारं भरतं, जन्मभराचं दुखणं लागतं. तहान लागली तर सुंठ घालून उकळलेलं, वाटीच्या तळाशी दिसेल एवढं. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, इतका आवळलेला की मी खाटेवर बांधलेल्या बिछान्यासारखी दिसे. कानाला फडकं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दार बंद. आणि वरून लाडू.

लाडू बाईच्या माहेरच्या, सौसरच्या पद्धतीचे. डिंक, मेथी, खारीक, खोबरं आणि तूप. एकेक लाडू असा, की फेकून मारला तर कुत्रं मरावं. ते मी कसेबसे गिळत होते, तेवढ्यात नरखेडहून सासूबाईंनी गाडीनं येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर लाडवांचा मोठा डबा धाडला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण जिनं केली ती नक्की बाळंतीण असावी. बाईनं डबा उघडून वास घेतला. "तूप कमी हाय," ती म्हणाली, "मुंबई राज्यात तूप भेटत नसंन." मग तिनं ठरवलं की तिकडचा एक खायचा तर इकडचे दोन. उद्या कोणी म्हणायला नको की माहेरी पोरीला उपाशी ठेवलं.

आता जे व्हायचं तेच झालं. माझं परसाकडे जाणं बंद झालं. आज होईल, उद्या होईल, म्हणता म्हणता आठवडा गेला. पोट दगड झालं. मी काठीच्या आधारानं परसातल्या संडासात जाई, तिथे बसे, घाम फुटे, डोळ्यांपुढे काजवे चमकत आणि मी जशीच्या तशी परत येई. जोर करायचीही सोय नव्हती. एक तर खाली फाटलेलं, ते आगीसारखं चुणचुणायचं. दुसरं म्हणजे माझ्या मावशीनं सांगून ठेवलं होतं की बाळंतिणीनं जोर केला तर अंग बाहेर येतं. काय बाहेर येतं, कुठून येतं, हे तिनं सांगितलं नव्हतं. पण मी कल्पना करून पार अर्धी झाले होते.

आणि हे सांगायचं कोणाला? परसाकडचं बोलणं पोरीबाळींनी करायचं नाही. बाई रोज विचारे, "दूध येते ना? झोप लागते ना? बाळ ओढते ना?" पुढचा प्रश्न तिनं कधी विचारलाच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी रात्रंदिवस रडायची आणि घरातले लोक माझ्या रडण्याचे आपापले अर्थ लावायचे.

मावशी म्हणाली, नजर लागली, आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. बाई म्हणाली, अशक्तपणा आहे, आणि लाडू वाढवले. बाबा दाराबाहेर उभे राहून खाकरले आणि आतलं माणूस दिसत नसताना जसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "पोरी, नको रडू. नागपूर गेलं म्हनून का झालं, आपन अर्ज करून राहिलो भोपाळले." मला हसू आलं असतं, पण हसलं की पोटात कळ यायची. मी आणखी रडले. बाबांना वाटलं, पोर किती जीव लावते मुलुखाला.

खरी गंमत पुढे आहे. माझ्या बाळंतिणीच्या खोलीला लागूनच बाबांची माल ठेवायची खोली होती. तिथे तणसावर आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले. तो वास दाराच्या फटीतून यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, तेवढंच काय ते मला मिळणारं पाणी. पण बाळंतिणीला संत्रं म्हणजे विष. आंबट, थंड, बाळाला सर्दी, आईला सूज. अख्ख्या गावाला संत्री पुरवणाऱ्या घरात मी कोरडी ठणठणीत पडले होते. मला सांगा, राग येणार नाही?

एका दुपारी सगळे जेवून लवंडले तेव्हा मी उठले, मधलं दार लोटलं आणि एक संत्रं आणलं. सोललं आणि अधाशासारखं खाल्लं. अहाहा. त्या फोडींतलं पाणी घशाखाली उतरलं तेव्हा मला पुन्हा रडू आलं, पण ते वेगळं रडू. साल कुठे टाकायची? बाजेखालच्या शेगडीत. मला वाटलं, जळून जाईल, कोणाला कळणार आहे.

संत्र्याची साल निखाऱ्यावर टाकून पाहिली आहे का तुम्ही? ती गुपचूप जळत नाही. ती तडतडते, ठिणग्या उडवते आणि सगळ्या घरात वास सोडते. बाई ओसरीतून म्हणाली, "मालाले कुठं आग तं नाही लागली?" बाबा धावत मालाच्या खोलीत गेले, संत्री मोजल्यासारखी पाहून आले आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी खोलीवर पहाऱ्याला माणूस बसवायचं ठरवलं.

तो बारशाच्या आदल्या दिवसाचा प्रकार. त्याच दिवशी सासूबाई दुपारच्या गाडीनं आल्या. नातीला पाहण्याआधी त्या दारातच थांबल्या आणि नाक वर करून वास घेतला. मग त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, पळत भिंतीशी गेल्या, पाय आवळले आणि शिंकल्या. बाईनं माझ्याकडे पाहिलं, की बघ, आल्या आल्या सुरू. सासूबाई सरळ झाल्या, बाजेखाली वाकल्या आणि चिमट्यानं शेगडीतून अर्धी जळकी साल काढून वर धरली.

"हे का होय, सूनबाई?"

सासूबाईंची मला फार भीती. त्यांनी मनात आणलं असतं तर नातीला घेऊन लगेच परत गेल्या असत्या, आणि बाईला जन्मभर ऐकवलं असतं की तुमच्याकडे बाळंतिणीला सांभाळायची रीत नाही. बाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे बघून राहिली होती आणि मी लाडवांच्या दोन डब्यांकडे. मग माझ्यातलं काहीतरी तुटलं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "मले परसाकडे होऊन नाही राहिलं. बाळ झाल्यापासून एकदाही नाही. मी मरून जाईन."

बाळ उचक्या देत होतं. सासूबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि बाईकडे वळल्या. "का जी ईनबाई, पोटची पोर हाय. तुम्ही इचारलं नाही तिले?"

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. पण बाई खाटेच्या कडेवर, नेहमीसारखी वाकडी, बसली. "असं का इचारत असते?" ती म्हणाली. "मले कोनी इचारलं होतं?"

आणि तिथे, जळक्या सालीच्या वासात, बाई बोलायला लागली. माझ्या वेळी तिलाही हेच लाडू होते, पाण्याची बंदी होती आणि पट्टा होता. तिचंही पोट असंच दगड झालं. ती कोणाला बोलली नाही. एके दिवशी जिवाच्या आकांतानं जोर केला, रक्त गेलं, आणि मूळव्याधीच्या मोडांनी तिला जे धरलं ते कधी सोडलंच नाही. "तवापासून नीट बसता येत नाही मले," ती म्हणाली. "एका बाजूवर बसतो. लोकं म्हनतात तोरा. म्हनू द्या."

बाईचं वाकडं बसणं माझ्याच वयाचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हनजे साक्षगंधाले तुम्ही..." सासूबाई म्हणाल्या.

"हो जी. दुखत होतं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण खांदे हलत होते हसण्यानं. "अवो बाप्पा," त्या म्हणाल्या, "मी वर्षभर तुमाले शिव्या देऊन राहिली. अन् माही शिंक? तुमाले का वाटलं, नाटक होय? लहान पोराच्या बाळंतपनापासून शिंक आली का लुगडं ओलं होते. पाय आवळले नाही तं इज्जत जाते." एवढं बोलून त्या पुन्हा हसल्या आणि लगबगीनं उठून भिंतीकडे पळाल्या, कारण हसण्यानंही तेच होत होतं. बाई हसू लागली. मी हसू लागले, पोट धरून, कळ आली तरी.

मग मात्र दोघींनी कामाचा ताबा घेतला. लाडवांचे दोन्ही डबे, मध्य प्रदेशचा आणि मुंबई राज्याचा, फडताळात वर चढले. पट्टा सैल झाला. तांब्या भरून कोमट पाणी आलं, आणि सासूबाईंनी स्वतःच्या हातानं संत्री सोलून मला भरवली. बाई म्हणाली, "बाळाले सर्दी झाली तं?" सासूबाई म्हणाल्या, "शिंकन. तिले अजून पाय आवळाची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासात आणि दोघी विहिणी दाराबाहेर. एक म्हणे, "जोर नको करू, बसून राह्य." दुसरी म्हणे, "घाई नाही, बारसं दुपारी हाय." अशा पहाऱ्यात कोणाला काय होणार, पण देवाची कृपा, झालं. मी आतून सांगितलं. बाहेर दोघींनी एकमेकींचे हात धरले. सासूबाई ओसरीत जाऊन बाबांना म्हणाल्या, "साखर वाटा." बाबांनी विचारलं कशाबद्दल. त्या म्हणाल्या, "सुटलं एकदाचं." बाबा पेपर टाकून उठले आणि खरंच साऱ्या गल्लीत साखर वाटून आले. भोपाळला केलेल्या अर्जाचं काहीतरी झालं असावं, असं ते पुढे कित्येक दिवस धरून चालले होते, आणि त्यांना खरं सांगायची हिंमत कोणालाच झाली नाही.

बारशाआधी सासूबाईंनी बाईकडे जुनं, मऊ झालेलं लुगडं मागितलं. पाण्याची घागर डोक्यावर घेताना खाली कापड गोल गुंडाळून ठेवतात ना, ती चुंबळ, तशीच पण चांगली परातीएवढी त्यांनी वळली. दोऱ्यानं टाचली, दाबून पाहिली, स्वतः त्यावर बसून पाहिली. बाया जमल्या, पाळणा सजला, तेव्हा त्यांनी ती सतरंजीवर आपल्या शेजारी ठेवली आणि वरून चादर पांघरली.

"बसा ईनबाई," त्या म्हणाल्या. "मधी भोक हाय. दुखनार नाही."

बाई घाबरत घाबरत टेकली. मग तिनं मागे रोवलेला हात उचलला आणि मांडीवर ठेवला. आईला सरळ बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला ती नेहमी बुटकी वाटायची. ती चांगली उंच होती.