लिफ्ट नको, चालतोय

आमच्या गावात रस्त्याने चालणारा माणूस कोणाला बघवत नाही. बदलापूरच्या पुढे, जांभूळच्या बाजूला आमचं गाव. घरटी दोन-दोन गाड्या. त्यामुळे कोणी चालत निघालाच, तर एक तर त्याची गाडी बिघडलेली असते, नाही तर डोकं.

तरी मला चालणं भाग होतं, कारण मी नळीत थुंकलो होतो.

झालं असं, की लेकीने कुठल्याशा लॅबमधून एक नळी मागवली. त्यात थुंकून ती कुरिअरने परत पाठवायची, मग ते लोक सांगतात तुमच्या रक्तात पुढे काय वाढून ठेवलंय. माझ्या वडिलांचा पाय साखरेने गेला, काकांचे डोळे साखरेने गेले. माझ्या रक्तात काय आहे हे गोठ्यातल्या म्हशीनेही सांगितलं असतं. पण लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही माणसांचं ऐकत नाही, कागदाचं ऐकता." एरवी अख्खा दिवस तोंड चालतं माझं, पण नळी समोर आल्यावर घशाला कोरड. शेवटी बायको चिंचेचं बुटुक नाकासमोर धरून उभी राहिली, तेव्हा कुठे भरली.

रिपोर्टात माझ्या नावापुढे लांबलचक लाल पट्टी आली. अंबरनाथला आमच्या कंपनीजवळच्या डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "ही काही कुंडली नाही. तुमची साखर अजून काठावर आहे. रोज चाललात, वजन उतरवलंत, तर कदाचित होणारही नाही. आणि भावंडांना सांगा. रक्त एकच आहे तुमचं."

भावंड म्हणजे एकच. काकांचा मुलगा, माझ्याहून मोठा, भिंतीपलीकडे राहणारा. घराची वाटणी झाल्यावर गणपती कोणाकडे बसणार यावरून आमचं वाजलं. तेव्हापासून दोन घरांत दोन गणपती बसतात आणि आरतीला कोणाचा आवाज मोठा याची चुरस लागते. बोलणं बंद. त्याला कोण सांगायला जातो? मी विषय बाजूला ठेवला.

लेकीने मनगटाला घड्याळ बांधलं. ते पावलं मोजतं, फार वेळ बसून राहिलं की थरथरतं आणि सगळ्या चुगल्या पुण्याला तिच्या मोबाइलवर पोचवतं. बूट मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून आणले. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, ये पहनोगे तो पैर खुद चलेंगे." पाय चालले असते हो. गावाने चालू द्यायला हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी फाट्यापासून निघालो, तर दूधवाला थांबला. "बसा." म्हटलं, नको, चालतोय. "का? वहिनीनी गाडी काढून घेतली?" त्याला वाटेला लावतो तोच रिक्षावाला. मग पोलीस पाटलांचा पुतण्या. त्याला नाही म्हटलं तर तो रुसला, "माझ्या गाडीवर बसायला लाज वाटते काय?" बसावंच लागलं. तो दारात सोडून गेला की मी पुन्हा फाट्याकडे निघायचो, आणि पुन्हा कोणीतरी मला पकडून घरी आणायचा. रस्ता असा खड्ड्यांचा, की मी गाडीवर मागे बसलो तरी घड्याळाला वाटायचं मी चालतोय. लेकीचा लगेच मेसेज, "शाब्बास बाबा!" आठवड्याभरात गावात बातमी फिरली, की कंपनीने मला काढलं आणि डॉक्टरांनीही हात टेकले. एक मावशी शहाळं घेऊन भेटायला आल्या आणि माझ्याकडे बघून डोळे पुसू लागल्या.

एकच माणूस कधी थांबला नाही, तो म्हणजे माझा चुलतभाऊ. रोज तिन्हीसांजेला त्याची स्कूटर हळूहळू शेजारून जायची. मान ताठ, नजर समोर. आधी माझा पारा चढायचा. मग वाटू लागलं, काही का असेना, अख्ख्या गावात हाच एक मला चालू देतोय.

अशा अर्ध्यामुर्ध्या चालण्यानेही काही महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, "भावाला सांगितलंत ना?" मी छताकडे बघितलं. घरी येताना बायको म्हणाली, "काकांना शेवटी ताटात भाजी कुठल्या बाजूला आहे ते सांगावं लागायचं. आठवतंय ना?"

दुसऱ्या संध्याकाळी मी रस्त्यात उभा राहिलो आणि स्कूटरला हात केला. ती अगदी अंगावर येऊन थांबली. दादाने मान पुढे काढली.

"कोण हाय?"

माझं डोकंच फिरलं. भिंतीला भिंत लागून घर, आणि कोण म्हणे! "ओळख पण नाय ठेवलीस काय?"

आवाज ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "अरं, तू? गाडी बिघडली का? बस, बस."

इतक्या सहज तो पुढे सरकला, की पाठ करून आणलेलं सगळं विसरून मी बसलो. मागून त्याच्या कानात सांगितलं. नळी, लाल पट्टी, डॉक्टर. "तू पण तपासून घे दादा."

तो हसला. "मला हाय की. तीन वरसं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलत व्हतास का?"

जी बातमी मी कुरिअरने मागवली, ती तीन वर्षं भिंतीपलीकडे पडून होती.

तेवढ्यात गाडी एका खड्ड्यात गेली. मग दुसऱ्यात. पुढे रस्त्याच्या कडेला विटांचा टेम्पो उभा होता, आणि आम्ही सरळ त्याच्याच दिशेने निघालो होतो.

"दादा, टेम्पो!"

"कुठं?"

त्याने कसाबसा ब्रेक मारला. "तुला दिसत नाही?"

"सकाळचा दिसतो. सांजचा जरा धूसर."

"मग गाडी कशी चालवतोस?"

"रस्ता पाठ हाय."

"आणि मी? रोज तुझ्या बाजूने चालायचो तो?"

"कोणतरी चालतंय, इतका दिसाचा. तू व्हतास? मंग हाक नाय माराची? घरी सोडला असता ना."

मी उतरलो, किल्ली काढून घेतली आणि त्याच्यावर ओरडत सुटलो. अक्कल आहे का, डोळे कधी दाखवलेस, वहिनीला सांगितलंस का, काय काय बोललो देव जाणे. घरं जवळच होती. वहिनी आणि बायको दोघी धावत आल्या, पुन्हा भांडण पेटलं असं समजून.

"आता काय झाला?" वहिनीने विचारलं.

"काय नाय," दादा म्हणाला. "उद्या मला उल्हासनगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतोय, त्याचा चाललाय."

मी असं काही अजून म्हटलंच नव्हतं. मी किल्ली मुठीत धरून रडत होतो, आणि माझं ओरडणं काही थांबत नव्हतं.