एकतीस डिसेंबरच्या आत

टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी टकटक, आणि मग प्रश्न: "शिल्लक किती?"

नोव्हेंबर लागला की नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या आमच्या ऑफिसात हे सुरू व्हायचं. नवीन माणसाला वाटे, हे गृहस्थ प्रोजेक्टचे तास विचारताहेत. त्यांना तासांशी देणंघेणं नसे. ते विचारत आरोग्य बजेटबद्दल. आमची कंपनी प्रत्येकाला वर्षाला ठरावीक रक्कम देते. चष्मा, दात, फिजिओ, पाठीला बरी खुर्ची, असल्या गोष्टींसाठी. बिल पोर्टलवर चढवायचं, मंजूर झालं की कंपनी ते भरते. एकतीस डिसेंबरला जे उरेल ते कंपनीकडे परत जातं.

"परत जातं म्हणजे काय?" ते म्हणत, आणि इथे त्यांचा आवाज चढे. "ऑफर लेटरमध्ये हे पैसे धरून पगाराचा आकडा फुगवतात की नाही? मग डिसेंबरात परत कसले मागतात? पगार आहे की लायब्ररीचं पुस्तक?"

असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नियमावली घेऊन येणारा, बँकेच्या काउंटरवर मागच्या रांगेची पर्वा न करता पुढचा प्रश्न विचारणारा. आपण त्याच्यावर हसतो आणि आपलं काम अडलं की त्याच्याकडेच जातो. आमच्याकडे ते हे होते. वय बावन्न-त्रेपन्न, मूळचे चिंचवडचे. मुलीच्या कॉलेजसाठी बायको आणि मुलगी पुण्याला परतलेल्या, आणि हे इथे एका खोलीत राहून वर्षा-वर्षाच्या करारावर काम करत होते.

मी त्यांना कधीच काही हाक मारली नाही. डच सहकारी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. बापाच्या वयाच्या माणसाला ते माझ्याच्याने होईना. 'सर' इथे कुणी म्हणत नाही. पहिल्याच आठवड्यात मी 'काका' म्हणायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "काका म्हणालीस तर तुझा फॉर्म भरून देणार नाही." त्यामुळे काही विचारायचं असलं की मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन नुसती उभी राहत असे, त्यांनी मान वर करेपर्यंत. तीन वर्षं मी असंच भागवलं.

पहिल्या वर्षी माझे सगळेच पैसे बुडाले. पोर्टलवर काहीतरी अडलं होतं आणि एचआरला फोन करावा लागणार होता. फोन करणं मला जमत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, इंग्रजीत विचार करते, तरी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिन्ही भाषा एकदम पळून जातात. जानेवारीत त्यांना हे कळलं. ते म्हणाले, "म्हणजे लाजण्यासाठी तू पूर्ण वर्षाचं बजेट मोजलंस. महागडी सवय आहे."

दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ते मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. माझा जुना चष्मा कॉलेजातला होता आणि एक काडी चिकटपट्टीने बांधलेली होती. फ्रेम मी निवडली, प्रश्न त्यांनी विचारले. बिलावर कुठली तारीख घालणार, ऑर्डरची की हातात दिल्याची? वर्षाच्या आत मिळेल का, हे लिहून द्याल का? दुकानातली मुलगी हसत होती. शेवटी त्यांनी डबी आणि पुसायचं फडकं मागून घेतलं. ती म्हणाली, ते तर मिळतंच. ते मराठीत मला म्हणाले, "मिळतंच म्हणतात, पण मागितल्याशिवाय पिशवीत पडत नाही. सोडायचं नाही."

"सोडायचं नाही" हे त्यांचं नेहमीचं. लंचच्या टेबलावर आम्ही सात-आठ मराठी लोक असू. त्यातल्या प्रत्येकाकडे त्यांनी मिळवून दिलेलं काहीतरी होतं. एकाची खुर्ची, एकीची दाताची कॅप, एकाचे फ्लॅट पायांसाठी बनवून घेतलेले बुटाचे तळवे. एका डिसेंबरात तिघांनी पाय दाबायचं एकसारखंच यंत्र घेतलं. त्यातल्या एका यंत्रावर आता मांजर झोपतं. मारायके नावाची आमची डच सहकारी म्हणाली, "पण गरज नसेल तर कशाला घ्यायचं? राहू दे की." त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, की राहू दे म्हणायला आधी पोट भरलेलं असावं लागतं. तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिने मान डोलावली.

मान डोलावण्यावरून सांगते. ते फार मान डोलावत. मला वाटायचं, माझं बोलणं त्यांना पटतंय. मी मुळात हळू बोलते. मग हळूहळू लक्षात आलं, की ते मीटिंगमध्ये नेहमी टेबलाच्या डाव्या टोकाला बसतात, म्हणजे सगळे त्यांच्या उजव्या बाजूला येतात. दोन्ही कान गेलेले होते, डावा जास्त. समोरासमोर एक माणूस असेल तर ओठ बघून चालून जाई. पण सहा डच माणसं एकदम बोलायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर एक ठरलेलं हसू येई.

साध्या प्रकारची ऐकायची यंत्रं विम्यातून मिळत होती. ती त्यांनी लावून पाहिली होती. "सगळ्यांचे आवाज एका डब्यात घालून हलवल्यासारखं होतं," ते म्हणाले. त्यांना हवी होती ती यंत्रं माणसांचे आवाज वेगळे करत, आणि ती महाग होती. एरवी शिल्लक बुडते, पण मोठ्या खर्चासाठी आधी अर्ज केला तर एका वर्षाची शिल्लक पुढच्या वर्षात नेता येते, फक्त एकदा. म्हणून जगाला खर्च करायला लावणाऱ्या या माणसाने स्वतःचे दोन वर्षांचे पैसे न शिवता ठेवले होते.

ऑक्टोबरच्या शेवटी यंत्रं आली, सहा आठवड्यांच्या ट्रायलवर. इथे ती पद्धत आहे. आधी वापरून बघा, मग बिल. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारलं. ते स्क्रीनकडे बघत होते. ओठ दिसत नव्हते. तरी लगेच उत्तर आलं. मग ते वळले.

"अगं, तुझा आवाज असा आहे होय?"

"कसा?"

"चांगला आहे. मला वाटायचं चिमणीसारखा असेल. चांगला भरदार आहे की. झाकून कशाला ठेवतेस?"

त्या आठवड्यांत ते सगळं ऐकत सुटले होते. कॉफी मशीनचा आवाज, सायकलच्या चेनचा आवाज. मुलगी फोनवर हसते ते शेवटी कसं गुदमरतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आणि त्याच आठवड्यांत, ट्रायल सुरू होऊन पाच दिवस झाले असताना, कंपनीने कळवलं की त्यांचा करार पुढे वाढवणार नाहीत. शेवटचा दिवस तीस नोव्हेंबर.

मी विचारलं, "मग यंत्रांचं?"

"ट्रायल चार डिसेंबरपर्यंत आहे. पूर्ण वापरणार. सहा आठवडे फुकट देताहेत, त्यातला एक दिवस का सोडायचा? बिल पाच तारखेला. बजेट एकतीसपर्यंत."

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर मी पोर्टलवर स्वतःसाठी काहीतरी शोधत होते. माझ्याही डोक्यात नोकरी बदलायचे विचार होते. 'नोकरी सोडताना' असं एक पान होतं. त्यात एक ओळ होती, की बिलाची तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आतली हवी. ती मी वाचली. लगेच त्यांची आठवण झाली. आणि मी गप्प बसले, कारण नियम म्हणजे ते, त्यांना मी काय सांगणार? ज्याला सगळं माहीत असतं त्याला कुणी काही सांगत नाही. त्या दिवशी ते माझ्यापासून चार टेबलं दूर होते. कानात यंत्रं होती. मी कुजबुजले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं.

पाच डिसेंबरचं बिल नामंजूर झालं. ते मला स्टेशनजवळच्या कॅफेत भेटले आणि म्हणाले, "जाणाऱ्यांचं पान मी उघडलंच नव्हतं गं. आपण कुठे जाणार होतो." दुकानाने भल्या मनाने आणखी आठ दिवस थांबायची तयारी दाखवली होती. पण नोकरी नसताना ती रक्कम खिशातून भरणं शक्य नव्हतं, मुलीची फी जायची होती.

मी म्हणाले, आपण सगळे मिळून पैसे काढू. त्यांनी हात वर केला. "वर्गणी गणपतीला काढतात."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एचआरकडे गेले. माझ्याकडे तीनशे चाळीस युरो शिल्लक होते. म्हटलं, माझे त्यांना द्या. नाहीतर पाच दिवसांची सूट द्या; दोन वर्षांचे त्यांचेच पैसे आहेत. त्या बाई फार छान बोलल्या. "मला तुझं अगदी समजतंय," असं तीनदा म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर पोस्टर होतं: तुमचं आरोग्य, तुमची निवड. त्या म्हणाल्या, बजेट व्यक्तिगत असतं, आणि ते आता कर्मचारी नाहीत. मी विचारलं, मग ते पैसे कुठे गेले? त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. "कुठे गेले म्हणजे?" त्या म्हणाल्या. "ते वापरले गेले नाहीत, एवढंच."

बघा, यात कुणीच काही चुकीचं केलेलं नाही. मला राग येतो तो याचाच. एका माणसाचं ऐकू येणं पाच दिवसांच्या फरकाने काढून घेतलं गेलं आणि त्यात कुणाचा आवाजही चढला नाही.

लंचच्या टेबलावर मी हे सांगितलं. ज्याला त्यांनी खुर्ची मिळवून दिली होती तो म्हणाला, "वाईट झालं यार. पण रूल इज रूल." आणि खुर्चीवर मागे रेलला. ती खुर्ची चांगली रेलते. टीमने निरोपाची भेट म्हणून त्यांना काय दिलं होतं सांगू? गाणी ऐकायचे हेडफोन. बाहेरचा सगळा आवाज बंद करणारे. वर्षानुवर्षं त्यांच्या उजव्या बाजूला बसलेल्या माणसांनी निवडलेले. मीही त्या कार्डावर सही केली होती. "चांगले आहेत," ते म्हणाले होते. "भाच्याला होतील."

यंत्रं त्यांनी आठ दिवसांनी परत केली. दुकानात मी बरोबर होते. त्यांनी ती काढून डबीत ठेवली, पुसायचं फडकंही घडी करून ठेवलं. दुकानदार म्हणाला, फडकं राहू द्या तुम्हाला. त्यांना ते ऐकू आलं नाही. मी सांगितलं नाही.

माझे तीनशे चाळीस मी तसेच ठेवले. मारायकेने सुचवलं, एखादा मसाज घे. मला त्या कंपनीकडून काही नको होतं. जातात तर जाऊ देत, त्यांच्याच घशात जाऊ देत. मला तो माझा निषेध वाटत होता.

ते एकतीस डिसेंबरला निघाले. खोलीचं भाडं त्या दिवसापर्यंत भरलेलं होतं, ते आधी कसे निघतील? दुपारी मी त्यांना सोडायला आर्नहेमच्या स्टेशनवर गेले. बाहेर मुलं आत्तापासूनच फटाके उडवत होती आणि ओलिबोलेनचा, इथल्या नववर्षाच्या तळलेल्या गोड गोळ्यांचा, वास प्लॅटफॉर्मपर्यंत येत होता. प्रत्येक फटाक्याला मी दचकत होते आणि ते शांत उभे होते. दोन बॅगा, गळ्यात हेडफोनची पिशवी. वजन बरोबर तेवीस-तेवीस किलो भरलंय, म्हणाले. घरी काट्यावर करून आणलंय, एक ग्रॅम सोडलेला नाही.

स्खिपोल विमानतळाची गाडी आली. आम्ही बॅगा चढवल्या. ते दारात उभे राहिले. दोन बोटांनी दाराच्या दांड्यावर टकटक केली.

"शिल्लक किती?"

मी सांगितलं. त्यांनी हात कानामागे नेला. पुन्हा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू आलं आणि ते मान डोलवायला लागले. मीटिंगमध्ये डोलावत तशी. माझ्याकडे बघून.

ते मला सहन झालं नाही.

"काका," मी ओरडले, "तीनशे चाळीस!"

प्लॅटफॉर्मवरची माणसं वळली. शिट्टीवाल्या गार्डनेही वळून बघितलं. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं. 'काका'बद्दल काही बोलले नाहीत.

"सगळे? तसेच ठेवलेस?"

"मुद्दाम ठेवले. त्यांचा राग आला म्हणून."

"अगं, राग त्यांना कळणार आहे का?" आता तेही ओरडत होते, आणि खरोखर संतापले होते. "त्यांना वाटणार, हिला नको होते. वापरले गेले नाहीत, एवढंच लिहितात ते. मूर्ख आहेस." शिट्टी झाली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. "साडेतीन वाजलेत. आज दुकानं पाचला बंद होतात. पळ."

दार मिटलं. काचेच्या मागे त्यांचं तोंड अजून हलत होतं. ऐकू काही येत नव्हतं. मी त्यांचे ओठ बघत राहिले, जसे ते तीन वर्षं माझे बघत आले होते, आणि मला एवढंच कळलं की ते बिलाच्या तारखेबद्दल काहीतरी सांगताहेत.

मी पळाले.