पाणी कुठनं आणलं

टेम्पोत शेवटी गॅसची शेगडी चढली, तेव्हा आप्पा, माझे सासरे, उसातनं आले तसे चिखलाच्या पायानं फाटकात उभे राहिले. मी अन्वीला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले होते. "शाळंचं वय होईपर्यंत पोरगी हितंच ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले. "तिकडं फ्लॅटात कोण बोलणार हाय तिच्यासंगं?" मी अन्वीला आणखी जवळ ओढलं. सुदर्शनला, माझ्या नवऱ्याला, कोल्हापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती. तीन वर्षांची पोर मागं ठेवून जायला माझं काळीज काही दगडाचं नाही.

शिरोळ ते कोल्हापूर, अंतर ते काय! लोक अमेरिकेला जातात आणि मी एवढ्याशा वाटेवर ओढणी भिजवली. गावाकडच्यांनो, तुम्ही खुशाल हसा. पण जे गाव सोडून आलेत त्यांना ठाऊक आहे, इथं दार लावलं की शेजार संपतो. गावात अन्वी दिवसभर बोलायची, म्हशीशी, कोंबड्यांशी, उभ्या ट्रॅक्टरशीसुद्धा. इथं सोसायटीच्या बागेत तिच्या 'न्हाय'ला पोरं हसली आणि तिनं घराबाहेर तोंडच मिटलं. आप्पांचं खरं ठरतंय की काय, या विचारानं माझी जेवणावरची वासनाच उडाली.

पहिली नर्सरी बघायला गेलो, तिथं मॅडमनी विचारलं, चॉकलेट हवं का? अन्वी कशीबशी "न्हाय" म्हणाली. "न्हाय नाही बेटा, नो म्हणायचं." झालं, पोर माझ्या मागं लपली ती बाहेर येईना. सुदर्शन म्हणाला, शाळा चांगली आहे, वर्गात एसी आहे. मी म्हटलं, पोरगी घालायची आहे, श्रीखंड ठेवायचं नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माँटेसरीचं सांगितलं. माझ्या मनात शंकाच जास्त. तिथं म्हणे शिकवत नाहीत, फी घेऊन पोरांकडनंच झाडून घेतात. तरी गेले. तिथल्या ताईंनी मला भिंतीकडेला बसवलं. "बघा निवांत," म्हणाल्या, "फक्त तिला मदत करायची नाही." आता आईनं हात बांधून बसायचं म्हणजे काय सोपं आहे?

पण मी बघतच राहिले. एक पोरगं केळ्याचे काप करत होतं, एक मुलगी स्वतःची चटई गुंडाळत होती, चुकली की उलगडून परत गुंडाळत होती. कुणी ओरडत नव्हतं. कोल्हापुरात एवढी शांतता? आमच्यात दोघं चहा प्यायला बसले तरी गल्लीला कळतं.

अन्वी बराच वेळ उभी राहिली, मग एका ट्रेकडं गेली. त्यात काचेचे दोन जग होते, या जगातलं पाणी त्या जगात ओतायचं. तिनं ओतलं नाही. सांडलेलं पुसायचा रुमाल उचलला, त्याची दुहेरी घडी रिकाम्या जगावर पसरली आणि वरनं हळूहळू पाणी सोडायला लागली. मी उठणारच होते, पण ताईंनी नुसतं बघून मला बसवलं. गावी आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, रोज सकाळी असंच पाणी गाळतात. आम्हा जैनांच्यात न गाळलेलं पाणी पीत नाहीत. हे पोरीला कुणीच शिकवलं नव्हतं, तिनं नुसतं बघितलं होतं.

पोरं भोवती जमली. आणि माझी मुकी झालेली लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "पाण्यात जीव असत्यात. त्यास्नी मारायचं न्हाय."

कुणी हसलं नाही. ताई तिच्यापुढं गुडघ्यावर बसल्या. मनात आलं, आता 'नाही' म्हणायला लावतात की काय. त्या म्हणाल्या, "मग त्यांचं काय करायचं?"

"जितनं आणलं तितंच सोडायचं. ह्ये पाणी कुठनं आणलं?"

ताई खरंच विचारात पडल्या. "नळातनं," त्या म्हणाल्या. गावी अव्वा फडक्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडतात, आता नळात परत कसं सोडायचं? जितनं आणलं तितंच सोडायचं, हे ती स्वतःबद्दल तर म्हणत नसेल?

त्याच दिवशी ॲडमिशन घेतलं आणि गावी फोन लावला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, पोरगीच सांगतीया की, आणा माघारी.

"तिला म्हणावं, पंचगंगंत सोड," शेवटी ते म्हणाले. "तिकडनं सोडल्यालं समदं आमच्याकडंच येतंय."

मला रडू आवरेना. आता कुणी घर कुठं म्हणून विचारलं, की मी सांगते कोल्हापूर. आणि त्याच पाण्याच्या खालच्या अंगाला, शिरोळ.